चेंबरखालचा पत्रा

माझी नातवंडं मित्रांना सांगतात की आजोबांनी तारापूरचं वीजकेंद्र बांधलं. त्यांना कितीदा सांगितलं, पण ऐकत नाहीत. मी केंद्रबिंद्र काही बांधलं नाही. साठच्या दशकात ते बांधकाम चालू असताना मी एका कंत्राटदाराच्या वर्कशॉपात मेकॅनिक होतो, आणि त्यातला निम्मा काळ गाड्यांखाली उताणा पडून फुटके चेंबर झाळत होतो. देशाची प्रगती वगैरे जे काही चाललं होतं ते वर चाललं असेल. मला खालून फक्त तेल ठिबकताना दिसायचं, आणि ते बहुतेक डोळ्यांतच पडायचं.

ज्यांनी गाडीखाली कधी डोकावलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनाच्या तळाला तेलाचं एक भांडं असतं. त्याला आम्ही चेंबर म्हणतो. लहानशा घमेल्याएवढं, साध्या पत्र्याचं. इंजिनातलं तेल तिथं साठतं, पंप ते वर ओढतो, ते सगळीकडे फिरून परत खाली येतं. चेंबर फुटला की तेल जातं, आणि तेल गेलं की लोखंडावर लोखंड घासून बघता बघता इंजिन जाम होतं. चेंबरच्या मागे सायलेन्सरची नळी, चाकांकडे जाणाऱ्या ब्रेकच्या बारीक नळ्या, पेट्रोलची टाकी आणि मागच्या एक्सलच्या मधोमध लोंबणारा डिफरन्शियलचा गोळा. एवढा सगळा नाजूक ऐवज जमिनीपासून वीतभर उंचीवर टांगलेला. डांबरी रस्त्यावर त्याला कोणी हात लावत नाही. पण आमच्या कंत्राटदाराची दगडखाण बोईसरच्या पूर्वेला, रूळ ओलांडून थेट डोंगरात होती. तिकडे रस्ता नव्हताच. बैलगाडीची चाकोरी, तिच्या मधोमध वर आलेले काळे दगड, आणि दोन ओहोळ.

त्या वाटेवर आमचा पिकअप रोज जायचा. जीपसारखं तोंड आणि मागे उघडा हौदा, असली गाडी. खाणीवर पाण्याची पिपं, सुरुंगवाल्यांचं जेवण, टिकाव-पहारी आणि आठवड्यातून दोनदा दवाखान्यातल्या मालतीबाई. बाई पालघरच्या, कंत्राटदाराच्या दवाखान्यात नर्स होत्या. खाणीवर डोंगरातल्या पाड्यांवरून आलेली कुटुंबं झोपड्या करून राहायची, त्यांच्याकडे त्या जायच्या. बाईंना गाडीतलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. गाडी पोचली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

ड्रायव्हर होता हरेश्वर. माझ्याच गावचा, चिंचणीचा. फरक एवढाच की मी वाडीतला, केळी आणि पानवेली सोडून लोखंडात आलो म्हणून वडिलांनी बोलणं टाकलेला; आणि तो किनाऱ्यावरचा, बापाच्या होडीवर वाढलेला. हा माणूस पिकअप होडीसारखा हाकायचा. समोर दगड आला की लाट आल्यासारखी गाडी सरळ त्याच्या अंगावर घालायचा.

मी म्हणायचो, “अरे, दगड दोन चाकांच्या मधे घेऊ नकोस. एक चाक त्याच्यावर चढव. चाक चढलं की गाडीचं पोट उचलतं. मधे घेतलास की तो सरळ चेंबरला भिडतो.”

“आनि टायर फाटला मंग?”

“टायर बदलता येतो.”

“तुला येतो. जाब मला इचारतात.”

हे मात्र खरं होतं. टायर फाटला तर ड्रायव्हरची चूक आणि चेंबर फुटला तर नशिबाची, असा आमच्याकडचा कायदा होता. त्यामुळे सगळे ड्रायव्हर टायर जपायचे आणि नशीब माझ्याकडे दुरुस्तीला आणायचे.

मी गाड्यांच्या साहेबांकडे गेलो. म्हटलं, चेंबरखाली जाड पत्रा मारू द्या.

साहेब म्हणाले, “गाडी बनवणाऱ्यांनी का नाही मारला?”

“त्यांनी आपली खाण बघितली नव्हती, साहेब.”

“ड्रायव्हरला डोळे आहेत ना?”

आहेत, म्हटलं. त्यावर ते म्हणाले, मग झालं तर. संपलं बोलणं.

स्टोअरमधून पत्रा मिळेना म्हणून मी डांबराचं रिकामं पीप फोडून, ठोकून सरळ केलं आणि तेच गाडीखाली लावलं. तिसऱ्या खेपेला दगड लागला, पत्रा दबला आणि चेंबरला घेऊनच दबला. आधी नुसता चेंबर काढायला लागायचा, आता त्याच्याआधी चेंबरला चिकटलेला पत्रा छिन्नीनं सोडवायला लागला. हरेश्वर बाजूला उभा राहून विडी ओढत बघत होता. म्हणाला, “उगाच काम वाडवून घेतंस तू.” पाना फेकून मारावासा वाटला.

मग एकदा क्रेनच्या भंगारात चांगला जाड, करंगळीच्या निम्म्या जाडीचा लोखंडी पत्रा सापडला. त्याचं पुढचं टोक भट्टीत तापवून वर वळवलं, म्हणजे दगड अडकायच्या ऐवजी पत्र्यावरून घसरत मागे जावा. पत्रा इंजिनाला न टांगता चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टनं बांधला, आणि चेंबर व पत्रा यांच्यात मूठभर जागा ठेवली. पत्र्याला धक्का बसला तरी तो चेंबरपर्यंत पोचू नये, एवढाच त्यातला मुद्दा. बुडाला तेल बदलायच्या नटासाठी भोक. बस. काही मोठी अक्कल नव्हती त्यात, पण चेंबर फुटायचे थांबले.

मला वाटलं, सुटलो. कसला सुटतोय! खाली पत्रा आहे म्हटल्यावर हरेश्वरला पंख फुटले. आता तो दगड बघून न बघितल्यासारखा करायला लागला. चेंबर शाबूत, पण स्प्रिंगांचे पाटे मोडायला लागले. मी विचारलं, अरे काय चाललंय? तर म्हणतो, “खालून घट हाय ना आता!”

आणि त्यात गवत. पौष महिन्यात तिकडचं गवत पुरुषभर वाढून वाळलेलं असतं. गाडी त्यातून गेली की ते पत्र्यावर येऊन बसायचं, कोंबल्यासारखं. शेजारीच सायलेन्सरची तापलेली नळी. मी रोज सांगायचो की खाणीवर पोचल्यावर काठी घालून गवत काढत जा. हरेश्वर रोज ‘हो’ म्हणायचा. त्याचा ‘हो’ म्हणजे तुमचं बोलणं संपलं असेल तर मी जातो, असा असायचा.

व्हायचं तेच झालं. एका दुपारी खाणीच्या अलीकडे गाडीखालून धूर निघाला आणि पाठोपाठ जाळ. नशीब की मागे पाण्याची पिपं होती. मालतीबाईंनीच हौद्यातून उडी टाकून बादलीनं पाणी मारलं म्हणे, आणि हरेश्वरनं वाळू. थोड्या वायरी जळाल्या, माणसांना काही झालं नाही. पण साहेब हादरले.

“तो पत्रा काढा,” ते म्हणाले.

“साहेब, गवत काढायला सांगा. पत्रा काढायला कशाला?”

“रोज गवत कोण काढणार आहे? तू जाणार आहेस खाणीवर?”

त्याच प्रश्नानं मी स्वतः बेजार होतो. बाईंना जाळाच्या शेजारी उभं राहायला लागलं होतं, तेव्हा साहेबांचं सगळंच चुकत होतं असंही म्हणवत नव्हतं. पत्रा काढला आणि वर्कशॉपच्या मागे भिंतीला टेकवून ठेवला. पुढच्याच आठवड्यात पहिला चेंबर आला. मग दुसरा. मी परत उताणा.

शिमगा होऊन थोडे दिवस झाले होते. सकाळी खाणीवरून एक माणूस पळत बोईसरला आला. झोपड्यांमध्ये हगवण आणि ओकारी सुरू झाली होती. ओहोळाचं पाणी आटून डबकी झाली होती आणि गाडीतल्या पिपांचं पाणी पुरत नव्हतं म्हणून सगळे तेच पीत होते. एक म्हातारा आदल्या दिवशीच गेला होता.

मालतीबाईंनी सलाईनच्या बाटल्यांची खोकी पिकअपमध्ये भरायला लावली आणि माझ्याकडे आल्या. मी आदल्याच संध्याकाळी त्या गाडीचा चेंबर झाळून चढवला होता.

“गाडी चालेल ना, रघुनाथ?”

“चालेल. पण बाई, खालचा पत्रा चढवून देतो. मग काळजी नाही.”

“किती वेळ लागेल?”

“पत्रा काढताना बोल्ट कापून काढले होते. नवे शोधायचे, बसवायचे. दुपार होईल.”

“मग नको,” त्या म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं. त्या घटकेला मीही तेच म्हटलं असतं. मी हत्यारांची पिशवी उचलली आणि हौद्यात चढलो. त्या चेंबरवर माझाच विश्वास नव्हता.

दुसऱ्या ओहोळापर्यंत हरेश्वरनं गाडी खरंच चांगली नेली. पण बाई शेजारी बसून सारख्या घड्याळाकडे बघत होत्या आणि हाही घाईला आला. ओहोळात उतरताना मधोमध मोठा दगड. मी मागून ओरडलो, “मधे नको, चाक चढव!” तोवर खालून आवाज आला.

“बंद कर! इंजिन बंद कर!”

त्यानं बंद केलं. मी खाली वाकलो. चेंबरला बोटभर लांब चीर पडली होती आणि काळं तेल ओहोळाच्या वाळूत जिरत होतं. मग माझा तोल सुटला. दोन वर्षांत जे जे साचलं होतं ते सगळं मी हरेश्वरच्या तोंडावर बोललो. तोही गप्प बसणारा नव्हता.

“पत्रा कोनी काडला? मी काडला?”

“गवत कोणी साठवलं?”

बाई खाली उतरल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, “भांडण परत आल्यावर करा. आत्ता काय करता येईल ते बोला.”

आम्ही दोघेही लाजलो. वरच्या अंगाला एक पाडा होता. हरेश्वर तिकडे धावला आणि पाड्यावरची माणसं घेऊन आला. मोहाची फुलं गोळा करायचे दिवस, त्यामुळे सगळे घराजवळच होते. गड्यांनी सलाईनची खोकी डोक्यावर घेतली आणि बाई त्यांच्याबरोबर पायी निघाल्या. खाण अजून डोंगराच्या पलीकडे होती. जाताना मला म्हणाल्या, “मी पुढे जाते. पण जास्त आजारी असतील त्यांना पालघरला न्यायला लागेल. गाडी आणा. कशीही आणा.”

गाडी कशीही आणायची म्हणजे दोन गोष्टी. चीर बुजवायची आणि तेल आणायचं. चीर बुजवायला मी माझ्या वहाणेचं कातडं कापलं, त्याला कपड्याच्या साबणाचा जाड थर दिला आणि चिरेवर दाबून धरलं. ते तिथं राहावं म्हणून चेसिसच्या दोन बाजूंना जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी एक आडवी काठी बांधली आणि काठी व कातडं यांच्यात लाकडाची पाचर ठोकली. ठिबकणार होतंच. पण धार थांबली.

तेलासाठी पाड्यावर दुसरं काय असणार? मोहाच्या बियांचं तेल. ते जेवणात, ते दिव्यात, तेच अंगाला.

एक बाई कमरेला पदर खोचून माझ्या डोक्याशी उभी होती. सोनीबाय तिचं नाव. बाकीच्या तिच्या मागे.

“गाडी तेल पिते?” तिनं विचारलं.

“पिते, आये,” हरेश्वर म्हणाला.

“मोहाचा पिईल?”

मी म्हटलं, “गाडीला ते चांगलं नाही. पण थोडा वेळ पिईल.”

“माजा पोऱ्या हाय खानीवर. सून हाय.” एवढं बोलून ती वळली. घरातून मडकं घेऊन आली. मग बाकीच्याही गेल्या आणि ज्यांच्याकडे जेवढं होतं तेवढं घेऊन आल्या. बी वेचायचा हंगाम अजून पुढे होता. म्हणजे मागच्या वर्षीचं उरलेलंच तेल होतं ते. सकाळच्या गारव्यानं तुपासारखं थिजलेलं. चुलीवर कोमट करून, फडक्यातून गाळून आम्ही ते इंजिनात ओतलं. मी आयुष्यात पुष्कळ गाड्यांत तेल ओतलं, पण जेवणातलं तेल तेवढंच एकदा.

इंजिन सुरू झालं. सोनीबाय उरलेलं मडकं मांडीवर घेऊन हौद्यात बसली. थोडं गेलं की थांबायचं, मी खाली वाकून पाचर बघायचो, ती मडकं पुढे करायची, परत निघायचं. हरेश्वर गाडीपुढे उतरून दगड बघून येत होता आणि प्रत्येक दगडावर चाक चढवत होता. गाडीच्या धुराला तळणीचा वास येत होता.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. झोपड्यांच्या मधल्या झाडाखाली बाईंनी माणसं ओळीनं निजवली होती आणि फांद्यांना बाटल्या टांगल्या होत्या. सोनीबाय उतरली आणि ओळीच्या एका टोकाकडून तोंडं बघत निघाली. मुलगा सापडला. त्याच्या हाताला सुई लावलेली होती, डोळे खोल गेलेले, पण जिवंत. सून त्या ओळीत नव्हती. ती थोडी बाजूला होती, लुगड्यानं झाकलेली.

मालतीबाई माझ्याजवळ आल्या. त्यांच्या हातांना कसला तरी वास येत होता. हळू आवाजात म्हणाल्या, “मी पोचले तेव्हा धुगधुगी होती तिच्यात. शीर सापडली नाही. थोडं आधी आलो असतो तर...” मग लगेच कामाच्या आवाजात, “यांना गाडीत घ्या.”

जास्त आजारी होते त्यांना हौद्यात निजवलं, सोनीबायचा मुलगाही त्यात. ती मात्र आली नाही. सुनेजवळ थांबली. मडक्यात तळाला जे तेल राहिलं होतं ते तिनं मला दिलं.

पालघरचा दवाखाना दिसायला लागला आणि इंजिनातून ठकठक सुरू झाली. मी हरेश्वरकडे बघितलं. तो म्हणाला, “जाऊ दे, मरू दे गाडीला.” फाटकाच्या थोडं अलीकडे इंजिन जाम झालं ते झालंच. रस्त्यावरच्या लोकांनी ढकलत गाडी आत नेली. हौद्यातली सगळी माणसं जगली.

दुसऱ्या दिवशी साहेब वर्कशॉपात आले. उघडलेलं इंजिन बघितलं, तेलाचा वास घेतला. मी बोलायची तयारी करून उभा होतो. मालतीबाई त्यांना आधीच भेटून गेल्या असाव्यात. साहेबांनी एवढंच विचारलं, “तो पत्रा कुठं आहे?”

मी भिंतीकडे बोट दाखवलं.

“सगळ्या गाड्यांना करा. काय लागेल ते स्टोअरमधून घ्या.”

या एका वाक्यासाठी मी दोन वर्षं घसा कोरडा केला होता, आणि ते मिळालं तेव्हा मला राग आला. आनंदबिनंद काही झाला नाही. पत्र्याला एका बाजूनं बिजागऱ्या केल्या, म्हणजे दोन बोल्ट सोडले की तो खाली लोंबतो आणि गवत झाडता येतं. हरेश्वर ते झाडायला लागला. न सांगता.

नवं इंजिन बसून पिकअप चालू झाल्यावर बाईंनी खानावळीतून शेंगदाण्याच्या तेलाचे डबे मिळवले आणि आम्ही तिघं त्या पाड्यावर गेलो. बायकांनी डबे घेतले, वास घेऊन बघितला, आपापसांत वाटायला बसल्या. सोनीबायचा मुलगा ओटीवर बसला होता, अजून अशक्त. त्यानं आम्हाला ओळखलं नाही. ओळखणार कसा?

सोनीबाय डब्यांकडे गेली नाही. गाडीजवळ आली, उकिडवी बसली आणि वाकून खाली बघायला लागली. हात घालून तिनं पत्रा चाचपला. मग एक धोंडा उचलून त्याच्यावर दोनदा आपटला. पत्रा खणखणला.

“ह्यो कवा लावला?”

“आता, आये,” हरेश्वर म्हणाला.

“ह्याच्यानं दगड लागत नाय?”

“लागतो. पन फुटत नाय.”

तिनं धोंडा खाली टाकला. मग म्हणाली, “आदी कां नाय लावला?”

हरेश्वरनं माझ्याकडे बघितलं. मी बाईंकडे. बाई दुसरीकडे बघत होत्या. होता म्हणून सांगायचं? होता आणि काढला? मग का काढला ते सांगायचं, मग गवत, मग जाळ, मग साहेब. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण त्या वेळी बरोबर वाटलं होतं. तिला त्यातलं कुठलं सांगणार?

ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

“आता काडू नका,” म्हणाली, आणि बायका तेल वाटत होत्या तिकडे गेली.

पुढे बांधकाम संपलं, कंत्राटदार निघून गेला, त्याच्या गाड्या विकल्या गेल्या. मी बोईसरला स्वतःचं गॅरेज टाकलं. तो पिकअप केळ्यांच्या एका व्यापाऱ्यानं घेतला आणि तो व्यापारी नेमका माझ्याकडेच आला.

“खालचं ते लोखंड काढून टाका,” तो म्हणाला. “मला डोंगरात जायचंच नाही. उगाच वजन.”

“काढणार नाही.”

“गाडी माझी आहे ना?”

“मग दुसरीकडून काढून घ्या. मी हात लावणार नाही.”

“अहो, पण का?”

मी वैतागलो होतो. म्हटलं, “एका बाईनं सांगितलंय, काढू नका म्हणून.”

तो हसला. म्हणाला, “बायकोचं एवढं ऐकता?”

मी पाना घेतला, गाडीखाली शिरलो आणि पत्र्याचे बोल्ट एकेक करून आणखी आवळून ठेवले.